एकेचाळीस सेकंदांचा बुडबुडा

मुलुंडच्या त्या कारखान्यात दशरथ घाडीने ज्याच्यापुढे मान लववावी असं एकच काही होतं, आणि तो साबणाचा बुडबुडा होता. बाकी सगळं त्याच्या लेखी भुसा. मालक चंद्रप्रकाशशेठ म्हणजे ढेकर देणारी तिजोरी. प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर मधुकर सोहोनी म्हणजे पुस्तकात दाबून वाळवलेलं पान, हिरवेपणा कधीच गेलेला आणि उरल्या त्या नुसत्या शिरा. पॅकिंगची माणसं म्हणजे जेवणाच्या भोंग्याकडे कान लावून बसलेली गुरं. गुरांनाही तो त्यातल्या त्यात बरं म्हणे, कारण गुरं रवंथ करतात तेव्हा निदान बोलत नाहीत.

बुडबुडा मात्र वेगळा. हात-दीड हात उंचीची, करंगळीएवढी जाड काचेची नळी. तिच्या तळाशी साबणाच्या पाण्याचा रबरी फुगा. फुगा हलकेच दाबला की नळीत एक पडदा धरतो, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. खालून वारा आला की तो पडदा वर चढू लागतो. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पोचायला त्याला किती सेकंद लागले हे स्टॉपवॉचवर बघायचं आणि वहीत लिहायचं. दशरथचं काम एवढंच. पण ते एवढंच काम त्या इमारतीत दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

देवगडकडच्या कातळावर जन्मलेला हा माणूस. ज्या गावात माती टोपलीने आणून कातळावर पसरावी लागते आणि मग त्यात मूठभर नाचणी पेरावी लागते, त्या गावचा. सतराव्या वर्षी मुंबईला आला आणि लालबागच्या एका गिरणीत मागावर उभा राहिला. अठरा वर्षं त्याने धागा बघितला. तुटायच्या आधी धागा थरथरतो, ती थरथर त्याला चार मागांच्या गोंगाटात दिसे. मग ब्याऐंशीचा संप आला. माग थांबले ते थांबलेच. त्या वर्षी त्याने मढच्या बंदरावर बर्फ फोडला, माशांच्या टोपल्या वाहिल्या, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला काम दिलं त्या सगळ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखलं. हलक्या कामात मान ताठ ठेवायची त्याला तेवढी एकच रीत ठाऊक होती.

तिथून त्याला बाहेर काढलं सीताराम गुरवाने. सीताराम त्याच्याच वाडीचा, वयाने वीस वर्षांनी मोठा, मुलुंडच्या कारखान्यात भट्टीवर. त्याने डॉक्टरांपुढे हात जोडून सांगितलं होतं, "आमच्या गावचो आसा साहेब. तोंडान फाटको, पण नजर घारीची." त्या एका शब्दावर दशरथ प्रयोगशाळेत लागला. तीन वर्षं झाली तरी कायम झाला नव्हता. कायम करू, करू म्हणत डॉक्टर दर दिवाळीला चष्मा पुसत.

कारखान्यात पांढऱ्या कांड्या होत. खडूसारख्या दिसत, पण खडूपेक्षा कितीतरी टणक. खताच्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्यांमध्ये त्या रचतात, त्यांच्यातून वायू जातात आणि आत वायूंचं रूप बदलतं. कांडी वरून गुळगुळीत, पण आतून वारुळासारखी पोखरलेली. त्या पोखरलेल्या वाटांतून वायू किती झटकन शिरतो यावर तिची किंमत. कच्ची भाजली तर वाटा ओल धरतात, जास्त भाजली तर वाटाच मिटतात. ती वाट मोजायची असे.

मोजायची रीत साधी होती. पितळेच्या चकतीला एक भोक. भोकात कांडी बसवायची आणि भोवतीची फट बुजवायची, म्हणजे जे काही जाईल ते कांडीच्या पोटातूनच जाईल. चकतीच्या एका अंगाने हायड्रोजन वाहता ठेवायचा, दुसऱ्या अंगाला बुडबुड्याच्या नळीला जोडलेल्या बंद डबीत नायट्रोजन. दोन्हीकडे दाब सारखा. तरी हायड्रोजन हलका, त्यामुळे तो उड्या मारत आत घुसतो. नायट्रोजन जड, तो हळूहळू बाहेर पडतो. आत येणारे जास्त आणि बाहेर जाणारे कमी, म्हणजे डबीत गर्दी होते. ती गर्दी बुडबुड्याला वर ढकलते. जितका बुडबुडा वेगात, तितक्या कांडीतल्या वाटा मोकळ्या.

पहिल्या दिवशी घरी जाऊन त्याने हे बायकोला सांगितलं. नाहूरला रुळांच्या पलीकडे त्यांची खोली होती. वनमाला सुकटीतला कचरा निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वारो मोजूक पगार देतत?"

"देतत."

"मगे त्यांच्याकडे वारो खूपच आसतलो."

दशरथ त्या दिवशी हसला. तो वर्षातून दोनदा हसे, त्यातलं ते एक.

पंच्याऐंशी साली घोटाळा सुरू झाला तो फट बुजवण्यावरून. चकतीची फट बुजवायला डॉक्टर जर्मनीहून आलेलं लुकण वापरत, लहानशा नळीतून टूथपेस्टसारखं निघणारं. ते संपलं. नवं मागवायला लायसन लागत होतं, आणि लायसन दिल्लीच्या कुठल्याशा टेबलावर झोपलं होतं. डॉक्टरांनी लाख लावून बघितली, तिला तडे गेले. मेण लावलं, ते उन्हाळ्यात मऊ पडलं. दशरथ रोज काचेची भरीव कांडी चकतीत बसवून बघे. काचेतून काहीच जाऊ शकत नाही, म्हणजे बुडबुडा जागचा हलता कामा नये. पण बुडबुडा बेशरमासारखा वर चढे. फटीतून वारा चोरी करत होता.

"घाडी, यावर वाङ्मय पाहावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि दोन आठवडे वाचनालयात गेले. दशरथच्या मनात आलं, चूल विझली की हा माणूस फुंकणी नाही शोधणार, फुंकणीचा इतिहास शोधील.

रविवारी तो मढला गेला. तिथे धर्मा कोळी होता, संपाच्या वर्षीची ओळख. धर्माची होडी वाळूवर कलंडून ठेवली होती आणि तो फळ्यांच्या सांधीत कापूस ठासून वरून पिवळट लगदा भरत होता. राळ कुटून, मुशी माशाच्या तेलात कढवून केलेलं लुकण. त्याचा वास असा की कावळासुद्धा दोन हात लांब बसावा.

"धर्मा, ह्यातून पाणी जात नाय?"

"समिंदर जात नाय, पान्याचा काय घेऊन बसलास!" धर्मा म्हणाला. त्याने केळीच्या पानात मूठभर लगदा बांधून दिला आणि वर सांगितलं, "आयक रं. लाकूर सुका आसला तं आदी त्याला त्याल पाजाचा, मंग हो भराचा. नायतं लाकूरच ह्याच्यातला सगला त्याल पिल."

दशरथने मान हलवली, पण ऐकलं नाही. कोळ्याने होडीबद्दल बोलावं, प्रयोगशाळेबद्दल त्याला काय कळतंय? आणि इथे लाकूड होतंच कुठे? ज्या माणसाकडून तो वस्तू मागून नेत होता, त्याच्याच शब्दाला त्याने वाळूवर टाकून दिलं. दशरथची ही जुनी खोड. माणसाच्या हातचं तो घेई, तोंडचं घेत नसे.

सोमवारी काचेची कांडी चकतीत बसवून भोवती धर्माचं लुकण भरलं. बुडबुडा नळीत धरला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तासभर झाला. बुडबुडा देवळातल्या दगडी नंदीसारखा बसून राहिला. दशरथला आपल्या बोटांचा असा अभिमान वाटला की त्याने दुपारचा डबा उभ्यानेच खाल्ला.

डॉक्टर नाकाला रुमाल लावून आले. शाकाहारी माणूस, त्यांचं नाक लालबुंद झालं. "काय आहे हे, घाडी?"

"लुकण आहे साहेब. होडीचं."

डॉक्टरांनी नंदी झालेला बुडबुडा बघितला आणि रुमाल खिशात ठेवला. आठ दिवसांनी त्यांच्या टिपणात इंग्रजीत एक ओळ आली की प्रयोगशाळेने देशी साधनांतून सेंद्रिय लेप विकसित केला आहे. प्रयोगशाळेने! दशरथने ती ओळ टंकलेखन करणाऱ्या पोराकडून वाचून घेतली आणि म्हणाला, "बरोबर आहे. मुशीही प्रयोगशाळेनेच धरली असेल."

मग खऱ्या कांड्या आल्या. सीतारामच्या भट्टीतून त्या वर्षी निघालेला सतरावा घाणा, एका खताच्या कारखान्यासाठी. डॉक्टरांनी त्यातल्या पाच कांड्या काढून चकत्यांत बसवायला लावल्या. दर सोमवारी त्याच पाच मोजायच्या, सहा आठवडे. वाटा टिकतात की नाही हे गिऱ्हाइकाला हवं होतं. बाकीच्या पत्र्याच्या डब्यात घालून, झाकणावर घाण्याचा आकडा आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून, त्यांनी कपाटात ठेवल्या.

पहिल्या सोमवारी बुडबुड्याने एकेचाळीस सेकंद घेतले. पाचही कांड्यांना एकेचाळीस, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. दशरथने सीतारामला भट्टीवर जाऊन सांगितलं, "पाचही एकसारख्या, दादा." सीताराम भट्टीच्या झरोक्यातून आतल्या जाळाचा रंग बघत होता. भट्टीला उष्णता मोजायचं यंत्र होतं, पण ते दोन वर्षांमागेच मेलं होतं आणि शेठला ते पुरून टाकायचीही घाई नव्हती. सीताराम रंगावर भट्टी चालवी. म्हणायचा, पिकल्या आंब्याच्या देठाशी जो रंग असतो तो आला की लाकूड थांबवायचं.

"आंबो पिकलो म्हणजे पिकलो," सीताराम म्हणाला. तेवढ्याने त्याला आनंद झाला.

दुसऱ्या सोमवारी त्रेचाळीस. तिसऱ्या सोमवारी सत्तेचाळीस. चौथ्याला चौपन्न.

डॉक्टरांच्या चालीत फरक पडला. ते पायऱ्या दोन दोन चढू लागले. फळ्यावर वक्र रेषा निघाल्या, त्यांच्याखाली ग्रीक अक्षरं निघाली. कांडीतल्या वाटा वयापरत्वे आपोआप मिटत चालल्या आहेत, असा त्यांचा सिद्धान्त झाला. यावर परदेशातल्या परिषदेत निबंध वाचता येईल, असं ते स्वतःशीच दोनदा मोठ्याने बोलले. तीन वर्षं हा माणूस बुडबुड्याच्या जवळ बसला नव्हता, पण बुडबुडा हळू झाल्याबरोबर त्याच्या पाठीवर बसायला तयार झाला.

दशरथला तिसऱ्या सोमवारीच शंका आली होती. एका जास्तीच्या कांडीला त्याने सरावासाठी लुकण लावून ठेवलं होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने ती हातोडीने फोडली. बाहेरून पांढरी शुभ्र. आत मात्र कडेने पिवळं वलय, पापडाखालच्या कागदावर तेल पसरतं तसं. वलय मधल्या पांढऱ्या ठिपक्याकडे सरकत चाललं होतं. त्याने तुकडा नाकाशी नेला. मुशी.

कांडी तेल पीत होती. तहानेल्या लाकडासारखी, रोज थोडं थोडं, लुकणातलं तेल ओढून आपल्या वाटा आपणच बुजवत होती. धर्माने सांगितलेलं त्याच्या कानाशी परत आलं, आणि आता ते ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

त्याच वेळी जाऊन सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. चूक माझी, लुकण माझं, चकत्या धुऊन पुन्हा बसवू. तीन वाक्यांचं काम. दशरथने तुकडे कागदात बांधून खिशात घातले आणि तो गप्प बसला.

का बसला? पगाराच्या भीतीने नाही. त्याला मजा वाटत होती, म्हणून. डॉक्टर झाडावर चढत होता आणि फांदी कुजकी आहे हे एकट्या दशरथला माहीत होतं. त्याला वाटलं, चढू दे. अजून वर जाऊ दे. परिषदेपर्यंत जाऊ दे, तिथे कोणीतरी जर्मन ह्याला विचारील आणि मग पडू दे सगळ्यांसमोर. दर सोमवारी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवी, "चौपन्न साहेब!" आणि डॉक्टरचे चमकलेले डोळे बघून त्याला आतून गुदगुल्या होत. लग्नात नवरदेवाच्या पाठीला शेण लागलं आहे हे दिसूनही जो गप्प बसतो, तशी ती मजा. स्वतःला नजरेचा राजा समजणारा माणूस तीन आठवडे अशा कोत्या सुखावर जगला.

सहाव्या सोमवारी बहात्तर सेकंद.

आणि डॉक्टर झाडावरून पडले नाहीत. त्यांनी फांदी दुसऱ्याच्या डोक्यावर टाकली. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं होतं की कांड्या सहा आठवड्यांत का मिटतात. सिद्धान्ताला कारण हवं होतं. डॉक्टरांनी लिहिलं की नीट भाजलेल्या कांडीत असं होणं अशक्य, म्हणजे कांड्या कच्च्या भाजल्या आहेत, त्या हवेतली ओल पितात आणि आतून फुगतात. भट्टी अशिक्षित माणसाच्या डोळ्यांवर चालते, हे त्याचं मूळ आहे. शेठने तो कागद दोनदा वाचला. मग सीतारामला बोलावून सांगितलं, "सीताराम, तू बुजुर्ग आदमी आहेस. पण आता डिप्लोमावाला आणावा लागेल. एक तारखेपासून तू रजा घे."

रजा म्हणजे काय ते सीतारामला कळलं. बत्तीस वर्षं तो त्या झरोक्यासमोर उभा होता.

दशरथला ते दुपारच्या जेवणात कळलं. सीताराम डबा न उघडता बसला होता.

"दादा, तुमी काय बोललात नाय?"

"काय बोलू?" सीताराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "डॉक्टर शिकलेलो माणूस. बुडबुड्यान सांगलान म्हणता. मी काल डोळ्यांच्या दवाखान्यात जावन इलंय. नंबर वाढलो म्हणता. माका वाटला नाय कधी, पण वाढलो आसतलो. आंबो कच्चोच काढलंय आसतलंय, दशरथा. माझेच डोळे गेले."

दशरथच्या हातात चपातीचा तुकडा होता, तो तसाच राहिला. डॉक्टर खोटं बोलला हे त्याला सहन झालं असतं. पण सीतारामला ते खरं वाटलं होतं. ज्या डोळ्यांच्या भरवशावर सतरा घाणे एका रंगाचे निघाले, त्या डोळ्यांवर त्या माणसाने स्वतःच थुंकून टाकलं होतं.

घरी त्याने वनमालाला सगळं सांगितलं, फोडलेल्या कांडीपासून. ती भाकरी थापता थापता थांबली नाही.

"तुम्ही बोललात तर तुमका ठेवतले?"

"नाय ठेवचे. लुकण माझा. आणि माहीत आसान गप रवलंय."

"कित्याक रवलात?"

त्याने डॉक्टर कसा मूर्ख आहे हे सांगायला सुरुवात केली. वनमालाने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "सगळ्यांका तोलतास तुम्ही. डॉक्टर हलको, शेठ हलको, धर्मा हलको. तराजू धरून बसलेलो माणूस आपण कधी पारड्यात बसणा नाय. जेवा आता."

गुरुवारी गिऱ्हाइकाची दोन माणसं आली. एक जाडा, घामाने थबथबलेला. दुसरा सडपातळ, चौकशी करणारा. शेठ, डॉक्टर आणि ते दोघे प्रयोगशाळेत उभे राहिले. डॉक्टरांनी फळ्यावरचा वक्र समजावला, कच्च्या भट्टीबद्दल बोलले, नव्या डिप्लोमावाल्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "घाडी, यांना प्रत्यक्ष दाखवा."

दशरथने सकाळीच एक काम करून ठेवलं होतं. कपाटातला पत्र्याचा डबा उघडून त्याने त्यातली एक कांडी काढली होती आणि ताजं लुकण भरून ती नव्या चकतीत बसवली होती; तिला तेल प्यायला अजून वेळ मिळाला नव्हता. ती त्याने पुढे आणली.

"ही कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्या डब्यातली साहेब. झाकण बघा, हात तुमचाच आहे. सतरावा घाणा, तीच तारीख. त्या पाच कांड्यांची सख्खी बहीण. तेवढीच म्हातारी."

"ही कशाला मोजायची?"

"कोणी मोजली नाही म्हणून."

सडपातळ माणूस पुढे सरकला. दशरथने डबीत नायट्रोजन भरला, हायड्रोजन सोडला, फुगा दाबला. नळीत पडदा धरला. चार शिकलेली माणसं आणि एक मागवाला, सगळ्यांनी श्वास धरला, जणू त्यांच्या श्वासानेच तो फुटणार होता. पडदा वर निघाला, सावकाश नाही, घाईनेही नाही. पालखी खांद्यावर घेतलेला माणूस चालतो तसा. दुसऱ्या खुणेला टेकताच दशरथने स्टॉपवॉच दाबलं आणि ते स्वतः न वाचता सडपातळ माणसाच्या हातात दिलं.

"फॉर्टी-वन," तो माणूस म्हणाला.

"एकेचाळीस," दशरथ म्हणाला. "सहा आठवडे डब्यात पडून तिचं काही मिटलं नाही. भट्टी पक्की आहे. मिटल्या त्या चकतीवरच्या. त्या का मिटल्या ते बघा."

त्याने बहात्तर सेकंदवाली कांडी चकतीतून उपसून फोडली. आत पांढरं उरलंच नव्हतं. जाड्या माणसाने तुकडा वास घ्यायला नाकाशी नेला आणि झटक्याने खाली ठेवला. "मच्छी?"

"मुशीचं तेल. फट बुजवायला जे लुकण लावलं त्यातलं. कांडीने ते पिऊन घेतलं. म्हातारपण नाही, ओल नाही, कच्ची भट्टी नाही. तेल."

डॉक्टरांचा चष्मा नाकावर घसरला होता. त्यांनी तो वर केला आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "याची मला शंका होतीच. लेपाचा परिणाम वेगळा काढणं हा पुढचाच टप्पा होता."

दशरथने आयुष्यात पुष्कळ माणसांना तुच्छ लेखलं होतं, पण त्या क्षणी त्याला वाटलं की आजवर आपण तो तिरस्कार चिल्लरीसारखा उधळला. खरा खर्च करायला माणूस आत्ता भेटला.

"कधीपासून होती, साहेब?" त्याने विचारलं.

डॉक्टर फळा पुसू लागले.

शेठ मूर्ख नव्हता. गिऱ्हाईक समोर होतं आणि माल चांगला ठरला होता, त्यामुळे तो हसत होता. पाहुण्यांना चहाला घेऊन जाता जाता तो दाराशी थांबला. "दशरथ, ते लुकण कोणी आणलं?"

"मी."

"आणि हा तेलाचा लफडा तुला कधी कळला?"

एक शब्द खोटा बोलला असता तर भागलं असतं. काल कळलं, एवढंच. पण ज्याला जन्मभर इतरांचं खोटं मोजायची सवय, त्याची जीभ तिथे अडकली.

"तीन आठवडे झाले."

शेठने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात नासकं कलिंगड दिसल्यावर माणूस बघतो तसं. "तीन आठवडे माझा माल सडका आहे असं माझ्याच कारखान्यात चाललंय आणि तू खाली बसून आकडे वाचतोस? सीताराम भट्टीवरच राहील. तुझा हिशेब आजच घेऊन जा."

दशरथने स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. नळी धुतली, उलटी करून टांगली. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात थांबले नाहीत. मग तो अंगण ओलांडून भट्टीकडे निघाला. त्याची पावलं हलकी होती. नोकरी गेली होती, पण डॉक्टरला त्याने चौघांत उघडा पाडला होता आणि सीतारामचे डोळे सीतारामला परत मिळवून दिले होते. मनात त्याने सीतारामचा चेहरा रंगवला होता. म्हातारा रडेल, हात धरील, आणि आपण रुबाबात म्हणू, सोडा हो दादा.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. सीताराम झरोक्यापाशी उभा होता आणि त्याचा चेहरा जाळाच्या उजेडात तांबूस दिसत होता.

"दादा, एकेचाळीस," दशरथ म्हणाला. "डब्यातली काढून दाखवलंय सगळ्यांका. तुमची भट्टी पक्की. डोळे पक्के."

झरोक्याची झडप सीतारामने लोखंडी सळीने लोटून बंद केली.

"तुका तीन आठवडे म्हायत होता?"

"तो डॉक्टर किती वर चढता ता बघी होतंय मी. मूर्ख माणूस. त्येका काय कळता?"

"डॉक्टराक कळत नव्हता," सीताराम म्हणाला. "तुका कळत होता."

दशरथने तोंड उघडलं. अशा वेळी त्याच्याकडे नेहमी काहीतरी असे, टोचणारं, तयार, धार लावलेलं. सीतारामसाठीही काही सापडतं का ते त्याने शोधलं. सापडलं नाही.

मागून कच्च्या कांड्यांनी भरलेली गाडी येत होती. तिची चाकं फरशीवर खडखडत होती. सीतारामने त्याच्या खांद्यापलीकडे बघितलं आणि एखाद्या परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "जरा बाजूक हो. गाडो येता."

दशरथ बाजूला झाला.